शिष्यत्वाची किंमत आणि ती भरणारी माणसं



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला दाराशी गाठलं आणि सरळ विचारलं, "सर, एकोणिसाव्या शतकात जी शिकलीसवरलेली मराठी माणसं ख्रिस्ती झाली, त्यांना त्यातून मिळालं काय?" आम्ही त्या वेळी घड्याळाकडे बघून उत्तर टाळलं. पण प्रश्न घरापर्यंत मागे आला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

प्रश्न जमाखर्चाचा आहे आणि त्यात वावगं काही नाही. खुद्द येशूनेच तो विचारायला सांगितला आहे. लूकच्या शुभवर्तमानात मनोरा बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला येतो. आधी बसून खर्चाचा हिशेब कर, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील, असा त्याचा आशय. पुढे विसाव्या शतकात डीट्रिख बोन्हॉफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने 1937 साली शिष्यत्वावर एक ग्रंथ लिहिला. ज्या कृपेसाठी माणसाला काही सोडावं लागत नाही ती स्वस्त कृपा, असा त्याचा मुद्दा होता. एप्रिल 1945 मध्ये नाझींनी त्याला फासावर चढवलं. म्हणजे शिष्यत्वाला किंमत असते हे शिष्यांना पहिल्यापासून माहीत आहे. आम्हाला आज थोडा वेगळा प्रश्न विचारायचा आहे. किंमत ठरवतो शिष्य, पण ती भरतं कोण? आणि परतफेड मिळते ती कोणाला? या प्रश्नासाठी जर्मनीत जायची गरज नाही. आपल्या मुंबई, नगर, केडगावात पुरेसा दस्तऐवज आहे.

आधी त्या काळी माणसाचं नेमकं काय जात असे ते पाहू. 'घटस्फोट' हा शब्द आज आपण नवराबायकोच्या काडीमोडीसाठी वापरतो. धर्मशास्त्रात तो मुळात पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी आहे. जो जातीबाहेर गेला, त्याच्या नावाने नातलगांनी जमायचं, दासीने पाण्याचा घडा पायाने लवंडायचा आणि माणूस जिवंत असताना तो मेला असं धरून चालायचं. त्यानंतर त्याच्याशी बोलणं नाही, पंक्ती नाही, वाटणीत हिस्सा नाही. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं 'अमका बाटला' म्हणत, ते 'अमका गेला' म्हणतात त्याच आवाजात. त्या आवाजामागे हा घडा होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दुसरं उदाहरण 1843 सालचं, मुंबईचं. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यापाठोपाठ मिशनऱ्यांकडे गेला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अल्पवयीन श्रीपत वडिलांच्या ताब्यात दिला गेला. आता त्याला जातीत परत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं अशी भूमिका घेतली. त्यावरून जातीत दोन तट पडले आणि बाळशास्त्रींनाही टीकेला तोंड द्यावं लागलं. मंडळी, एक लक्षात घ्या. श्रीपतने बाप्तिस्माही घेतला नव्हता. तरी त्या मुलाचं घर, त्याचे वडील, त्याची बाजू घेणारा विद्वान, सगळ्यांना त्या निर्णयाची झळ लागली. निर्णय मात्र थोरल्या भावाचा होता.

सरकारलाही या गोष्टीची दखल घ्यावी लागली. 1850 सालच्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला किंवा जातीतून काढलं, एवढ्यावरून माणसाचा वारसाहक्क बुडणार नाही असं ठरवलं. या कायद्याला सनातनी समाजातून मोठा विरोध झाला. नंतर 1866 साली धर्मांतरितांच्या विवाहाचा कायदा आला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सतत संबंध तोडला, तर धर्मांतरिताला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश जोडीदाराची भेट घेऊन विचारणा करी, विचार करायला एक वर्षाची मुदत देई आणि तरीही नकार आला तर विवाह संपवता येई. कायदा कोरडा असतो, पण तो कोणत्या दुखण्यावर औषध म्हणून आला हे वाचलं की दुखणं दिसतं. इतकी घरं मधोमध चिरत होती की त्या चिरेसाठी कलमं लिहावी लागली.

आता एका घरात शिरू.

नारायण वामन टिळक. कोकणातले चित्पावन, संस्कृतात मुरलेले, कवी, स्वभावाने अस्वस्थ. एका गावात, एका नोकरीत टिकणं त्यांना जमत नसे. 1893 साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले, पत्रव्यवहार करत गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला त्यांनी आधी विश्वासात घेतलं नव्हतं. लक्ष्मीबाई, माहेरच्या मनकर्णिका गोखले, त्या वेळी सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान दत्तू. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. माहेरी सोवळ्याचं असं वेड, की वडील त्यापायी घरच्यांना जेरीस आणत. अशा बाईला एक दिवस कळतं की नवरा ख्रिस्ती झाला. तो जिवंत आहे, पण समाजाच्या लेखी तिला धड सवाष्णही राहू देत नाही आणि विधवाही होऊ देत नाही.

टिळकांचा खर्च काही थोडा नव्हता. आप्त तुटले, समाजात नाव गेलं, बायकोमुलापासून ताटातूट झाली. पण टिळकांनी हा हिशेब स्वतः मांडला होता. लक्ष्मीबाईंना कोणी हिशेब विचारलाच नाही. त्यांच्या हाती थेट देयक आलं.

इथे शुभवर्तमानातली एक बारीक गोष्ट सांगाविशी वाटते. पेत्र येशूला म्हणतो, आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो. तेव्हा येशू सोडलेल्या गोष्टींची यादी करतो. लूकच्या यादीत घर, भाऊ, आईबाप, मुलं यांच्या जोडीला बायकोही आहे. आता पेत्राला सासू होती, तिचा ताप येशूने घालवला, हे मार्क सांगतो. सासू आहे म्हणजे बायको आहे. पण ती बायको त्या संभाषणात बोलत नाही. तिचं नावही आपल्याला माहीत नाही. दोन हजार वर्षांच्या ख्रिस्ती वाङ्मयात सोडून गेलेल्यांनी भरपूर लिहिलं आहे, सोडल्या गेलेल्यांनी फार थोडं. मराठीचं भाग्य असं, की आपल्याकडे त्या दुसऱ्या बाजूने एक बाई बोलली. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागांनी प्रसिद्ध होऊ लागलं, तेव्हा लक्ष्मीबाई साठी ओलांडून गेल्या होत्या आणि टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला लिहायवाचायला टिळकांनीच शिकवलं होतं.

त्या पुस्तकाची आम्हाला जाणवलेली थोरवी अशी, की ते तक्रारीचं पुस्तक नाही आणि आरतीचंही नाही. नवऱ्याचा तापटपणा, त्याचा अव्यवहारीपणा, हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन टाकण्याची खोड, सगळं त्यात आहे, आणि हसत हसत आहे. वाचणारा हसतो, आणि पान उलटताना त्याच्या लक्षात येतं की या विनोदाच्या पोटात कित्येक वर्षं घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती.

टिळकांबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. 1866 चा कायदा त्यांना उपलब्ध होता. बायको नांदायला येत नाही म्हणून ते मोकळे होऊ शकले असते. ते झाले नाहीत. त्यांनी पत्रं लिहिली, विनवण्या केल्या, वाट पाहिली. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ राहायला आल्या, त्याही ख्रिस्ती होऊन नाही, आपलं सोवळंओवळं, आपलं वेगळं जेवणखाण सांभाळून. टिळकांनी ते चालवून घेतलं. लक्ष्मीबाईंच्या मनातला बदल आधी जातीपाशी झाला. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला, उत्तर सापडलं आणि शिवाशिव गळून पडली. ख्रिस्ताचा विचार त्यानंतरचा. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या निर्णयानंतर पाच वर्षांनी त्यांनी आपला निर्णय घेतला. आमच्या मते या पाच वर्षांना फार मोल आहे. कारण लादलेला खर्च आणि स्वीकारलेला खर्च यांत जो फरक असतो, तो त्या पाच वर्षांत घडला.

इथवर जुन्या घराने वसूल केलेली किंमत झाली. पण शिष्याला दुसरं देयक नव्या घराकडूनही येतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं.

पंडिता रमाबाईंचं बघा. 1882 पर्यंत त्या पुण्याच्या सुधारकांच्या गळ्यातला ताईत होत्या. आर्य महिला समाज त्यांनी काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला आणि इकडे कौतुकाचा सूर पालटला. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात असा गवगवा झाला, 'केसरी'ने टीका केली, आणि 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. बऱ्याच पालकांनी मुली नेल्या. हे आपण शाळेतल्या पुस्तकातही वाचतो.

पण इंग्लंडमध्ये काय चाललं होतं? तिथे चेल्टनहॅमला शिकत असताना रमाबाईंना अध्यापनाची संधी येऊ घातली. वर्गात पुरुष विद्यार्थी असतील म्हणून बिशपांनी हरकत घेतली. ज्या स्त्रीने भारतभर पंडितांच्या सभेत शास्त्रार्थ केला होता, तिला हे सांगण्यात येत होतं! क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असं त्यांनी विचारलं. त्यांचा शाकाहारही काहींना खटकला. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली म्हणजे इंग्लिश चर्चच्या वडीलधाऱ्यांची प्रत्येक गोष्ट मान्य केली असं होत नाही, हे त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिन यांना, पत्रांतून पुन्हा पुन्हा कळवलं. इकडचे म्हणाले ही बाटली, तिकडचे म्हणाले ही हट्टी. दोन्हीकडून एकाच वेळी पोरकं होणं ही या शिष्यत्वाची खास किंमत होती, आणि तिची पावती कोणत्याही कायद्यात मिळत नाही.

टिळकांचंही शेवटी तेच झालं. मिशनमध्ये वीसेक वर्षं काम करूनही परदेशी साच्यातलं ख्रिस्तीपण त्यांना अंगाला बसेना. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. 1917 साली ते मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. म्हणजे पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी माणूस दुसऱ्यांदा घर सोडतो. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहिला नाही.

आता एक कबुली दिली पाहिजे. आम्ही ज्यांची नावं घेतली ती बहुतेक ब्राह्मण कुळांतली. ज्यांनी लिहिलं त्यांचंच आपल्याला वाचायला मिळतं. नगर, जालना भागांत ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग कुटुंबांची संख्या मोठी होती. त्यांच्यापैकी अनेक जण 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर आले, म्हणून 'धान्यासाठी बाटले' असं हिणवून त्यांचा विषय मिटवला जातो. आम्हाला हा न्याय पटत नाही. ज्याला गावाने पाणवठ्यावर उभं केलं नाही, त्याला भाकरी, शाळा आणि माणूस म्हणून हाक एकाच हातातून मिळाली, तर त्याने त्यातलं आध्यात्मिक कोणतं आणि ऐहिक कोणतं हे वेगळं करून दाखवायचं कोणाला? आणि किंमत त्यांनीही भरली. बलुत्याचे हक्क, गावातले लागेबांधे पणाला लागले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्या आदेशाची बाजू-विरुद्ध बाजू हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. पण पणजोबाच्या निर्णयाचा हप्ता पणतू आज अर्ज भरताना फेडतो, एवढं तरी आपल्या हिशेबात नोंदवलं पाहिजे.

मग मिळालं काय? आता त्या तरुणाच्या प्रश्नाशी येतो.

मार्कच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, जे सोडलं त्याच्या शंभरपट इथेच मिळेल: घरं, भाऊबहिणी, आया, मुलं, जमिनी. आणि त्या यादीत मध्येच एक शब्द टाकतो, छळणुकीसह. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला हे वचन पूर्वी अतिशयोक्तीचं वाटे. इतिहास वाचताना ते फारच शब्दशः खरं झालेलं दिसू लागलं.

टिळकांच्या घरी नगरला कायम माणसांचा राबता. अनाथ मुलं, विद्यार्थी, कोणाचं कोणी नसलेले, सगळ्यांच्या आई लक्ष्मीबाई. जळगावला 1907 साली कविसंमेलन झालं, त्यात त्र्यंबक ठोमरे नावाचा कोवळा पोर कविता म्हणून गेला. हेच आपले बालकवी. त्यांना टिळकांनी घरी आणलं, लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तो मुलगा ख्रिस्ती झाला नाही, आणि त्याने व्हावं ही त्या मायेची अटही नव्हती. जिला एके काळी दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या चुलीवर कोणाकोणाची भाकरी भाजली गेली! नगरच्या प्लेगात हीच बाई रोग्यांच्या उशाशी बसली. टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' तिनेच पुरं केलं. शंभरपट मुलं मिळणं म्हणजे शंभरपट राबणं, हे त्या वचनाच्या भाष्यकारांपेक्षा लक्ष्मीबाईंना जास्त ठाऊक असावं.

नारायण शेषाद्रींना घर गेलं, त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. रमाबाईंना पुण्याने नाकारलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतात हिंडून उपाशी मुली आणि बाया गोळा केल्या, आणि केडगावला मुक्ती उभी राहिली. तिथे बायका शेती करत, विणत, छापखाना चालवत. तिथेच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून उतारवयात सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं, ऐकायला येईनासं झालं होतं तरी. पण हिशेब इथे थांबत नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा, जी सगळं पुढे चालवणार होती, ती 1921 साली गेली. नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या. भाषांतर छापून बाहेर आलं 1924 साली. त्यांनी ते पुस्तक हातात धरलं नाही.

आम्हाला वाटतं, इथेच आपलं उत्तर आहे. 'मिळालं काय' असं आपण विचारतो तेव्हा दिलेलं आणि मिळालेलं एकाच खात्यावर असेल असं धरून चालतो. या माणसांच्या बाबतीत ते तसं नाही. दिलं एकाने, भरलं दुसऱ्याने, मिळालं तिसऱ्यालाच. टिळकांच्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी भरली, आणि 'स्मृतिचित्रे' आपल्याला मिळालं, जे आपण कोणी काहीच सोडलं नव्हतं.

म्हणून लक्ष्मीबाईंचं दुःख 'शेवटी चांगलंच झालं' म्हणून माफ करता येतं, असं आम्ही म्हणणार नाही. चांगलं पुस्तक निघालं म्हणून बायकोला न सांगता घेतलेला निर्णय बरोबर ठरत नाही. टिळक थोर होते आणि त्या एका बाबतीत चुकले, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ती दोन्ही आहेतच, आणि तिथे ती भांडत नाहीत. आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, पण हे इतकं सोपं करून आम्हाला वर्गात कधी सांगता आलं नाही.

तो तरुण आज आला असेल तर त्याला आमची एक विनंती आहे. मनोरा बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करायला बसाल, मग तो मनोरा ख्रिस्ताचा असो, विठ्ठलाचा, क्रांतीचा किंवा नुसत्या शिक्षणाचा, तेव्हा घरच्यांनाही त्या चटईवर बसवा. त्यांच्या वाट्याचा आकडा त्यांना आधी सांगा. ते कदाचित नाही म्हणतील. लक्ष्मीबाई पाच वर्षं नाहीच म्हणत होत्या.

पुढच्या वेळी बाबा पदमनजींविषयी बोलू. 1854 साली बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांत 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचं दुःख मराठीत मांडलं. शक्य झालं तर त्यांचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र चाळून या, म्हणजे आपल्याला बोलायला बरं पडेल. आता कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. आज आम्ही घड्याळाकडे बघणार नाही.